खोलीने मागावं, भट्टीने द्यावं

न्यू जर्सी असो की मिशिगन, अमेरिकेतल्या साध्या दुमजली घरात थर्मोस्टॅट बहुधा एकच असतो आणि तो खालच्या मजल्यावरच्या बोळात बसवलेला असतो. त्या बोळात कुणी बसत नाही, झोपत नाही. तरी साऱ्या घराला किती ऊब लागेल हे तिथल्या हवेवरून ठरतं. जानेवारीत उत्तरेकडच्या खोलीत मुलं स्वेटर चढवून अभ्यास करतात. जुलैत वरचा मजला तापतो आणि तळघरात शाल लागते. तिकडच्या मराठी घरांत जेवणाच्या टेबलावर हा विषय कायमचा असतो: कुणाला उकडतंय, कुणी गारठलंय आणि बोळातल्या त्या चकतीला हात कुणी लावला. अशा घरातली सोल्डरिंगची सवय असलेली माणसं मग स्वतःच थर्मोस्टॅट बनवायला घेतात. प्रत्येक खोलीत एक सेन्सर, भट्टीतली हवा खोल्यांत नेणाऱ्या डक्टमध्ये मोटरवर फिरणारी झडप, आणि सगळ्या खोल्यांचं ऐकून भट्टीला हुकूम देणारा एक छोटा बोर्ड.

हा छंदी लोकांचा नवा उद्योग वाटतो. त्याचा माग काढत मागे गेलं की चित्र उलटं दिसतं. प्रत्येक खोलीचं म्हणणं वेगळं ऐकावं ही कल्पना घरातल्या थर्मोस्टॅटच्या आधीची आहे. बोळातला एकुलता एक थर्मोस्टॅट ही नंतर आलेली आणि स्वस्त पडली म्हणून रुजलेली तडजोड आहे.

आपोआप तापमान राखणाऱ्या यंत्रांच्या वंशावळीत सर्वांत वर नाव येतं कॉर्नेलिस ड्रेबेल याचं. हा १५७२ मध्ये हॉलंडमधल्या आल्कमार गावी जन्मला आणि पुढे इंग्लंडच्या पहिल्या जेम्स राजाच्या आश्रयाला गेला. थेम्स नदीत पाण्याखालून चालणारी बोट दाखवणारा माणूस म्हणून तो ओळखला जातो. मला त्याची भट्टी जास्त मोलाची वाटते. कोंबडीची अंडी कृत्रिम उबेने उबवायची तर सुमारे साडेसदतीस अंश सेल्सिअस तापमान तीन आठवडे रात्रंदिवस टिकवावं लागतं. एवढा वेळ विस्तवापाशी जागत कोण बसणार? ड्रेबेलने १६२० च्या सुमारास उबवणपेटीत अल्कोहोल भरलेली काचेची नळी ठेवली. उष्णता वाढली की अल्कोहोल फुगायचं आणि पाऱ्याला ढकलायचं, पारा एक दांडा उचलायचा आणि दांडा विस्तवाकडे जाणाऱ्या हवेची वाट बंद करायचा. हवा कमी झाली की विस्तव मंदावायचा, पेटी निवायची, पारा खाली यायचा आणि वाट पुन्हा मोकळी व्हायची.

या रचनेत थर्मोस्टॅटचं सगळं सार आलेलं आहे. ज्या जागेला ऊब हवी तिथलंच तापमान मोजायचं आणि त्या मोजमापाने विस्तवाला आवरायचं. अंड्याजवळ नळी आहे म्हणून अंड्याला हवी तेवढीच ऊब मिळते. ती नळी शेजारच्या बोळात टांगली असती तर एकही पिल्लू बाहेर आलं नसतं. ड्रेबेलचे शेवटचे दिवस मात्र ओढगस्तीत गेले. लंडनमध्ये दारूचा गुत्ता चालवून तो पोट भरत होता. १६३३ मध्ये तो वारला.

दुसरी शाखा घड्याळांतून आली. जॉन हॅरिसन हा इंग्रज सुतार समुद्रावर रेखांश शोधता यावा म्हणून अचूक घड्याळ बनवण्यामागे आयुष्यभर लागला होता. तापमान बदललं की घड्याळाची स्प्रिंग बदलते आणि वेळ चुकते, ही त्याची मोठी अडचण. त्याने पितळ आणि पोलाद यांच्या पट्ट्या एकमेकींना पाठीला पाठ लावून घट्ट जोडल्या. पितळ जास्त प्रसरण पावतं, पोलाद कमी. त्यामुळे जोडपट्टी तापली की पोलादाच्या बाजूला वाकते. १७५९ मध्ये पूर्ण झालेल्या त्याच्या तिसऱ्या सागरी घड्याळात ही पट्टी होती, आणि ते घड्याळ करण्यात त्याची सुमारे एकोणीस वर्षं गेली होती. आपल्या घरातल्या विजेच्या इस्त्रीत चकती फिरवली की ‘टक्’ असा आवाज करून दिवा विझवणारी पट्टी याच कुळातली.

या दोन शाखा पॅरिसमध्ये एकत्र येतात. बोनमॅं नावाचा फ्रेंच गृहस्थ पुन्हा अंडी उबवण्याच्याच धंद्यात होता. १७७७ च्या सुमारास तो गरम पाणी नळांतून फिरवून जागा तापवत होता. बॉयलरच्या पाण्यात त्याने शिशाची नळी सोडली आणि तिच्या आत लोखंडी दांडा बसवला. शिसं लोखंडापेक्षा जास्त लांबतं. दोघांच्या लांबीतला हा फरक तरफेने मोठा करून त्याने विस्तवाची हवा आवरली. गरम पाण्याचे नळ आणि त्यांना आवरणारा नियामक, म्हणजे आजच्या युरोपीय घरांत दिसणारी जोडी, एकाच माणसाच्या हातून एकत्र जन्माला आली. तीही पिल्लांसाठी. माणसांना ती सोय मिळायला पुढे बरीच वर्षं गेली.

१८३० मध्ये ग्लासगोच्या अँड्र्यू यूर या रसायनशास्त्रज्ञाने दोन धातूंच्या पट्टीवर चालणाऱ्या नियामकाचं पेटंट घेतलं. त्याच्या डोळ्यांसमोर कापडाच्या गिरण्या होत्या. मात्र अशा पट्टीची एक मर्यादा होती: ती वाकते खरी, पण तिच्यात जोर नसतो. गिरणीची जड झडप ढकलायची तर पट्टीला कुणाचा तरी हात लागतो. तो हात मिळायला पुढे बरीच वर्षं लागली.

आता या गोष्टीतला माझा सर्वांत आवडता माणूस येतो. विस्कॉन्सिन राज्यातल्या व्हाइटवॉटर गावच्या शिक्षक-प्रशिक्षण शाळेत वॉरन जॉन्सन नावाचे प्राध्यापक शिकवत. कडाक्याच्या थंडीचा मुलूख. शाळेतला भट्टी सांभाळणारा माणूस वर्गावर्गात जाऊन थर्मामीटर बघायचा, मग तळघरात उतरून झडपा कमीजास्त करायचा. दर वेळी दार उघडलं की शिकवण्यात खंड पडायचा, आणि तो खाली पोचेपर्यंत कुठला तरी वर्ग गारठलेला असायचा. जॉन्सननी वर्गात दोन धातूंची पट्टी बसवली आणि तिच्या तारा तळघरातल्या घंटेला जोडल्या. वर्गातलं तापमान बिघडलं की घंटा वाजायची आणि त्या माणसाला कळायचं की झडप फिरवायची वेळ झाली. १८८३ मध्ये त्यांनी याचं पेटंट घेतलं.

हे नीट पाहिलं पाहिजे. इथं विस्तव एकच आहे, तळघरात. मागणी मात्र वर्गाची आहे. आज छंदी माणूस संगणकाच्या पडद्यावर ज्याला ‘झोन’ म्हणतो तो व्हाइटवॉटरच्या त्या वर्गात आधीच होता. फक्त बोर्डाच्या जागी हाडामासाचा माणूस धावत होता.

जॉन्सन तिथंच थांबले नाहीत. १८८५ मध्ये त्यांनी मिलवॉकीत कंपनी काढली आणि माणसाची धावपळही संपवण्याच्या मागे लागले. त्यासाठी त्यांनी दाबाखालची हवा वापरली. तळघरातून बारीक नळ्यांनी ती हवा प्रत्येक खोलीतल्या थर्मोस्टॅटपर्यंत न्यायची. तिथली पट्टी वाकली की एक इवलंसं भोक उघडायचं किंवा मिटायचं, त्याने नळीतला दाब बदलायचा आणि त्या दाबाने त्याच खोलीची वाफेची झडप हलायची. पट्टीने फक्त भोक झाकायचं, जोर हवेने लावायचा. यूरच्या पट्टीला जो हात मिळाला नव्हता तो असा मिळाला. अनेक खोल्यांचं तापमान वेगवेगळं राखणाऱ्या या व्यवस्थेचं पेटंट १८९५ चं आहे. शाळा, सरकारी इमारती, मोठ्या कचेऱ्या यांत ती पसरली. ज्याला पैसे परवडत होते त्याच्या इमारतीत विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावरच प्रत्येक खोलीला आपलं तापमान होतं.

मग घराच्या वाट्याला बोळातला एकच डबा का आला? त्याचं उत्तर मिनिआपोलिसमध्ये सापडतं. स्वित्झर्लंडहून आलेल्या अल्बर्ट बट्झने १८८५ मध्ये घरगुती कोळशाच्या भट्टीसाठी एक उपकरण तयार केलं आणि पुढच्या वर्षी पेटंट मिळवलं. खोली ठरल्यापेक्षा गार झाली की विद्युतमंडल पूर्ण व्हायचं, एक छोटी मोटर अर्धा फेरा घ्यायची आणि साखळीने भट्टीची झडप उचलायची. खोली उबली की आणखी अर्धा फेरा आणि झडप बंद. मध्यमवर्गी घराला परवडेल असं हे साधन होतं. बट्झ लवकरच त्या धंद्यातून बाहेर पडला. त्याची कंपनी हस्तांतरित होत गेली आणि १९२७ मध्ये मार्क हनीवेल यांच्या कंपनीशी तिचा विवाह झाला. पुण्यात हडपसरला १९८० च्या दशकात टाटांच्या भागीदारीने जी हनीवेल आली, तिचं मूळ घराणं हेच.

बट्झच्या रचनेत भट्टी एक, मोटर एक आणि पट्टी एक. ती पट्टी घरात कुठं तरी मधोमध लावायची, की झालं. प्रत्येक खोलीला हवेच्या नळ्या आणि स्वतंत्र झडपा घालणं फार महाग, तेव्हा घरमालकाने एका पट्टीवर समाधान मानलं. कोळशाच्या जागी तेल आलं, मग गॅस आला, डक्टमध्ये पंखे आले, तरी हा ‘एक’ टिकून राहिला. १९५३ मध्ये हनीवेलने हेन्री ड्रेफसकडून घडवून घेतलेला गोल थर्मोस्टॅट बाजारात आणला. चौकोनी डबा भिंतीवर तिरका दिसतो, गोल कधी तिरका दिसत नाही, आणि वरचं झाकण काढून भिंतीच्या रंगाने रंगवता येतं, असा त्यामागचा विचार. वस्तू म्हणून तो फार देखणा आहे आणि न्यूयॉर्कच्या संग्रहालयात तो जपून ठेवला आहे, ते योग्यच. पण त्याच्या सौंदर्याने एक गोष्ट पक्की केली: घराचं तापमान म्हणजे एक आकडा.

त्या काळच्या थर्मोस्टॅटमधली एक युक्ती सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. पट्टीने भट्टी बंद केली तरी तापलेलं लोखंड आणि डक्टमधली गरम हवा आणखी काही मिनिटं ऊब देत राहते, म्हणून खोली ठरल्यापेक्षा जास्त तापते. यावर इंजिनियरांनी पट्टीशेजारी एक नखाएवढा रोधक बसवला. भट्टी सुरू असताना त्यातून वीज वाहते, तो किंचित तापतो आणि पट्टीला खोलीपेक्षा थोडं आधीच ‘पुरे’ वाटायला लागतं. पट्टीची मुद्दाम केलेली ही फसवणूक खोलीला बरोबर तापमानावर आणून सोडते. आज हेच काम प्रोग्रॅममधल्या चार ओळी करतात. त्या लिहिणाऱ्याने तो रोधक एकदा हातात घेऊन पाहावा.

युरोपात वाट वेगळी निघाली. डेन्मार्कच्या आल्स बेटावर मॅड्स क्लाउसेन यांनी १९४३ मध्ये रेडिएटरलाच बसणारी थर्मोस्टॅटची झडप बनवली. तिच्या टोपणात तापमानाने फुगणारा द्रव्याचा डबा असतो. तो फुगला की त्या रेडिएटरचं गरम पाणी अडतं. ना तार, ना वीज. युद्ध संपून उत्पादन जोरात सुरू झालं ते १९५० च्या दशकात. क्लाउसेन यांच्या डॅनफॉस कंपनीची ही टोपणं आज लाखो युरोपीय घरांत आहेत, आणि तिथं खोलीनिहाय ऊब हा कौतुकाचा विषयच राहिलेला नाही. अमेरिकेत बहुतेक घरांत ऊब डक्टमधल्या हवेतून येते, नळातल्या पाण्यातून नाही, त्यामुळे ती सोपी वाट त्या घरांना लाभली नाही.

१९७३ च्या तेलसंकटानंतर थर्मोस्टॅट राजकारणात आला. २ फेब्रुवारी १९७७ ला अध्यक्ष जिमी कार्टर लोकरीचा स्वेटर घालून दूरचित्रवाणीवर बसले आणि त्यांनी देशाला दिवसा ६५ अंश फॅरनहाइट, रात्री ५५ अंश ठेवायला सांगितलं. सेल्सिअसमध्ये साधारण १८ आणि १३. पुन्हा तोच एक आकडा, साऱ्या घराला. रिकाम्या खोल्या तापवू नका असं सांगणं जास्त नेमकं झालं असतं, पण ते करण्याचं साधनच बहुतेकांच्या घरात नव्हतं. नंतर वेळ लावता येणारे इलेक्ट्रॉनिक थर्मोस्टॅट आले. त्यांना १९९५ पासून मिळत असलेली एनर्जी स्टार ही ऊर्जाबचतीची मोहोर २००९ च्या अखेरीस काढून घेतली गेली, कारण बटणांच्या गुंत्यामुळे लोक ते नीट वापरत नव्हते आणि अपेक्षित बचत दिसत नव्हती.

२०११ मध्ये नेस्ट हा थर्मोस्टॅट आला. गोल, देखणा, आणि सवयी शिकणारा. जानेवारी २०१४ मध्ये गूगलने ती कंपनी ३.२ अब्ज डॉलरला घेतली. त्याच आठवड्यात मिनिआपोलिसमध्ये, बट्झच्याच गावात, सुरू झालेल्या स्पार्क नावाच्या छोट्या कंपनीच्या इंजिनियरांनी सुमारे एका दिवसात, साधारण ७० डॉलरच्या सुट्या भागांतून, चालता थर्मोस्टॅट बनवून त्याचा आराखडा सर्वांसाठी खुला केला. त्यांनी नेस्टची बरोबरी केली असं कुणी म्हणणार नाही. पण यात गूढ काही नाही, एवढं त्यांनी दाखवून दिलं. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये पहिल्या दोन पिढ्यांच्या नेस्टचा फोनशी असलेला संबंध कंपनीने तोडला. भिंतीवर हाताने फिरवले तर ते चालतात. ज्याने घरी बनवला आहे त्याच्या थर्मोस्टॅटचं आयुष्य दुसऱ्या कुणाच्या निर्णयावर टांगलेलं नसतं, आणि या उद्योगाचं मला वाटणारं मोल मुख्यतः त्यात आहे.

यात गूढ का नाही? भट्टीतला ट्रान्सफॉर्मर २४ व्होल्ट देतो. लाल तार ‘आर’, पांढरी ‘डब्ल्यू’. या दोन एकमेकींना टेकल्या की भट्टी पेटते, सुटल्या की विझते. पिवळी टेकवली की थंडावा देणारा कंप्रेसर, हिरवी टेकवली की पंखा. बट्झपासून आजवर भिंतीवरच्या साऱ्या थर्मोस्टॅटांनी केलं ते एवढंच: दोन तारा जोडायच्या, दोन तारा सोडायच्या. ते काम एक रिले करतो. तापमानासाठी मूळची डॅलस कंपनीची डीएस१८बी२० ही तीन पायांची चिप आहे. दर चिपला कारखान्यातच स्वतःचा वेगळा क्रमांक दिलेला असतो, म्हणून चार खोल्यांच्या चार चिप एकाच तारेवर ओवता येतात आणि बोर्डाला कोण कुठली खोली हे कळतं. तिची अचूकता अर्ध्या अंशाची आहे, घराला ती पुरते. २०१४ पासून मिळू लागलेल्या ईएसपी८२६६ सारख्या वाय-फाय चिपने बोर्ड इतका स्वस्त केला की प्रत्येक खोलीला स्वतंत्र बोर्ड देणंही जड जात नाही.

अडचणी इथून पुढे सुरू होतात, आणि त्या सॉफ्टवेअरच्या कमी, हवेच्या जास्त आहेत. चारपैकी तीन खोल्या तृप्त झाल्या म्हणून तीन झडपा मिटल्या, तर अख्ख्या घरासाठी बनवलेल्या पंख्याची हवा एका वाटेने कोंबली जाते. हिवाळ्यात भट्टी स्वतःच तापून तिचा सुरक्षेचा कट-ऑफ पडतो, उन्हाळ्यात गार कॉइलवर बर्फ साचतो. म्हणून किमान एक मोठी झडप सदैव उघडी ठेवावी लागते, किंवा जादा हवेला परतीची वाट द्यावी लागते. कंप्रेसर बंद झाल्यावर पाच मिनिटं तरी पुन्हा सुरू करायचा नाही, दोन्ही बाजूंचा दाब समान व्हायला वेळ लागतो. भट्टी विझल्यावर पंखा मिनिट-दोन मिनिटं फिरू द्यायचा. एका खोलीला ऊब आणि दुसरीला थंडावा हवा असेल तर आधी कुणाचं, हे घरच्यांनी बसून ठरवायचं. वाय-फाय चिप स्वतः तापते, तेव्हा सेन्सर तिच्यापासून लांब, आतल्या भिंतीवर, उन्हापासून दूर, छातीच्या उंचीवर. आणि भट्टीतल्या सुरक्षेच्या कट-ऑफला हात लावायचा नाही. तो आपल्या बोर्डावर कधीही अवलंबून नसावा.

जाणते लोक आणखी एक करतात. घरच्या बोर्डाला समांतर एक साधा, दोन धातूंच्या पट्टीचा जुना थर्मोस्टॅट जोडतात आणि तो दहा अंशांवर लावून ठेवतात. बोर्ड बंद पडला, घरचे भारतात सुट्टीवर आले, तरी बाहेर उणे वीस असताना नळ गोठून फुटत नाहीत. हॅरिसनच्या पट्टीला ना वाय-फाय लागतं, ना नवी आवृत्ती.

पुण्या-मुंबईत हा प्रश्न आरशात दिसावा तसा उलटा आहे. इथं खोलीगणिक वेगळा स्प्लिट एसी असतो आणि प्रत्येकात आपला थर्मोस्टॅट. झोन आयतेच मिळालेले. १ जानेवारी २०२० पासून तारांकित एसी सुरू होताना २४ अंशांवर सुरू होतो, हा नियमही प्रत्येक यंत्राला वेगळा लागू होतो. इथं उणीव आहे ती त्यांचं एकमेकांशी बोलण्याची. दोन्ही बेडरूमचे आणि हॉलचा असे तीन एसी एकाच वेळी सुरू झाले तर मंजूर भार ओलांडला जातो. ते पाळीपाळीने चालवणारा घरगुती नियंत्रक इथं खरोखर उपयोगी पडेल. पण इथल्या एसीला टेकवायला दोन तारा बाहेर नसतात. त्याच्याशी बोलायचं तर रिमोटचा अवरक्त संकेत पाठवावा लागतो, आणि तो संकेत एकमार्गी असतो. एसीने ऐकलं की पडदा आड आला, हे बोर्डाला कळत नाही. त्यासाठी एसीच्या तोंडाशी दुसरी डीएस१८बी२० लावायची आणि दोन-तीन मिनिटांत तिथली हवा गार झाली नाही, तर संकेत पुन्हा पाठवायचा.